गरम झाल्यावर सेल्फ न घेणारी जुनी कॅम्पर: स्टार्टर रिले मोजूनमापून कसा बसवावा

हानोफरहून दक्षिणेला जाताना ए-७ महामार्गावर कासेलजवळ लांबलचक चढ लागतात. आमची १९७३ची फोक्सवागन टाइप-२ कॅम्पर, १५८४ सीसी आणि ५० अश्वशक्तीचं एअर-कूल्ड इंजिन, आत बिछाना, शेगडी आणि चार माणसांचं सामान. खंडाळ्याचा घाट चढणारी एसटी ज्या गतीने जाते, त्याच गतीने ट्रकांच्या मागे ती चढ चढते. चढ संपल्यावर पेट्रोलला थांबलो, टाकी भरली, किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख होते, पण मागून साधा ‘टक्’ आवाजसुद्धा आला नाही. पाऊण तास थांबल्यावर इंजिन निवलं आणि तीच किल्ली, तीच बॅटरी, पहिल्या झटक्यात गाडी सुरू!

जुनी टाइप-२ चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा अनुभव येतो. माझे वडील गाडी नेहमी उतारावरच लावायचे. सेल्फने दगा दिला तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, हे मी शाळेत असताना त्यांच्याकडूनच शिकलो. पण भरलेली कॅम्पर पंपावरून धक्का मारून काढणं बायकोमुलांच्या जिवावर येतं. यावर साधा, स्वस्त आणि गाडीला कायमची इजा न करणारा उपाय म्हणजे स्टार्टरजवळ एक रिले, म्हणजेच किल्लीकडच्या छोट्या करंटवर चालून जड करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. मात्र तो बसवण्याआधी मीटर हातात घ्यायलाच हवा. अनेक जण आधी रिले बसवतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं, म्हणून या लेखात मोजमापाला जास्त जागा दिली आहे.

बिघाड नेमका कुठे असतो

टाइप-२मध्ये बॅटरी मागे, इंजिनाच्या खणात उजव्या हाताला असते. स्टार्टरही मागेच, गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला. म्हणजे बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची जाड केबल आखूड असते आणि तिथे सहसा तक्रार नसते. किल्ली मात्र पुढे, स्टीअरिंगपाशी. गाडी सुमारे साडेचार मीटर लांब. सॉलेनॉइड (स्टार्टरवरच बसवलेला, त्याला चालू करणारा विजेचा चुंबक) ओढायला लागणारा करंट बॅटरीपासून पुढे जातो, वाटेत जुने सांधे आणि इग्निशन स्विचचे संपर्क पार करतो आणि दुसऱ्या वायरने पुन्हा मागे, स्टार्टरच्या ५० नंबरच्या टर्मिनलवर येतो. जाऊन-येऊन नऊदहा मीटरची तांब्याची वाट.

आता त्या वाटेवरचा भार बघा. सॉलेनॉइडच्या आत दोन गुंडाळ्या असतात. एक दट्ट्या खेचून घेणारी, दुसरी तो धरून ठेवणारी. सुरुवातीच्या क्षणी दोन्ही मिळून ३०-४० अँपिअर ओढतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे ०.००७ ओहम असतो. पाच मीटर वायर आणि ३५ अँपिअर धरले तर परतीच्या वाटेवरच सव्वा व्होल्ट जातो. पुढे जाणारी वायर जाड असली तरी तिथे पाऊण-एक व्होल्ट. शिवाय पन्नास वर्षं काळवंडलेला एकेक सांधा, त्याचा रोध फक्त ०.०१ ओहम धरला तरी प्रत्येकी ०.३५ व्होल्ट खातो. स्टार्टर फिरताना बॅटरी स्वतःच दहा-साडेदहावर उतरते, पण सॉलेनॉइड ओढला जाण्याआधीच तिच्या बारा व्होल्टमधले दोन-तीन व्होल्ट वाटेत गळालेले असतात.

गाडी थंड असताना एवढ्यावर भागतं, गरम झाल्यावर भागत नाही. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सॉलेनॉइड २० अंशांवरून ९० अंशांवर गेला, तर गुंडाळीचा रोध पाव पटीहून जास्त वाढतो, करंट त्या मानाने कमी होतो आणि चुंबकाची ओढ मंदावते. त्यातून हे एअर-कूल्ड इंजिन. गाडी चालू असताना इंजिनाचा पंखा आणि धावण्याचा वारा उष्णता वाहून नेतात. थांबल्याबरोबर दोन्ही बंद होतात आणि साठलेली उष्णता आजूबाजूच्या लोखंडात मुरत जाते. म्हणून चढ चढताना नव्हे, तर पंपावर दहा मिनिटं उभं राहिल्यावर गाडी रुसते.

रिले या गणितातला मधला लांब भाग काढून टाकतो. किल्लीकडून येणाऱ्या जुन्या वायरवर आता फक्त रिलेची छोटी गुंडाळी चालते, जी जेमतेम ०.१५ अँपिअर घेते. जड करंट स्टार्टरवर बॅटरीची केबल बसते त्या स्टडपासून (आट्यांच्या खुंटापासून) रिलेमार्गे ५० नंबरला वीतभर अंतरात पोचतो. इग्निशन स्विचचे संपर्कही त्यामुळे जळायचे थांबतात, आणि माझ्या मते हा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

आधी मोजा

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, चाकांना पुढेमागे उटी लावलेली. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलच्या १५ नंबरवरच्या सर्व वायर काढून त्यांच्या तोंडाला टेप गुंडाळा. हे कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी आहे. किल्ली फिरवायला आत दुसरं माणूस हवं. आणि एक नियम कधीच मोडू नका: किल्ली फिरत असताना कुणीही गाडीखाली नसावं. मीटरच्या वायरना लांब तुकडे जोडा, स्टार्टरवर क्लिपा लावा, बाहेर या, मगच ‘मार सेल्फ’ म्हणा.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर. भरलेली बॅटरी शांत असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती दहाच्या आसपास टिकायला हवी, साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर आधी बॅटरी तपासा. दुसरं माप बॅटरीच्या ऋण खांबापासून स्टार्टरच्या लोखंडी अंगापर्यंत, सेल्फ मारताना. इथे ०.३-०.४ व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. या गाडीत गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसतो आणि बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडलेला असतो. ती पट्टी गंजलेली, तेलकट किंवा अर्धी तुटलेली असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. तिचे दोन्ही बोल्ट काढून लोखंड चकचकीत घासलं की कित्येक गाड्यांचं दुखणं तिथेच थांबतं. तिसरं माप धन खांबापासून स्टार्टरच्या ३० नंबरच्या जाड स्टडपर्यंत, अर्ध्या व्होल्टच्या आत.

चौथं माप खरं महत्त्वाचं: धन खांबापासून ५० नंबरच्या टर्मिनलपर्यंत. इथे अनेकांची फसगत होते. गाडी थंड आणि सेल्फ नीट घेत असताना हे माप निष्पाप दिसतं. कारण दट्ट्या आत गेला आणि मोठे संपर्क जुळले की खेचणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि तिचा करंट थांबतो. उरते फक्त धरून ठेवणारी गुंडाळी, आणि तिचा करंट बराच कमी असतो. सुरुवातीचा क्षण इतका छोटा असतो की साधा डिजिटल मीटर तो पकडतच नाही. म्हणून हे माप गाडी तापलेली असताना आणि सेल्फ नकार देत असतानाच घ्यायचं. तेव्हा दट्ट्या अडकलेला असतो, पूर्ण करंट वाहत राहतो आणि आकडा स्थिर दिसतो. दीड व्होल्टच्या पुढे घट दिसली तर रिले हाच उपाय. माझ्या गाडीत ती पावणेतीन भरली. किल्ली मात्र दोन सेकंदांहून जास्त धरू नका, त्या अवस्थेत गुंडाळी झपाट्याने तापते.

मीटर नसेल तर कानाने आणि डोळ्याने थोडा अंदाज येतो. किल्ली फिरवल्यावर हेडलाइट तसेच प्रखर राहून शांतता किंवा एकच ‘टक्’ असेल, तर संशय ५० नंबरच्या वाटेवर. दिवे एकदम मंदावून स्टार्टर कण्हत फिरत असेल तर बॅटरी, अर्थिंग किंवा बुश.

बुशबद्दल जरा सविस्तर सांगतो. मॅन्युअल गिअरच्या या गाड्यांमध्ये स्टार्टरच्या दांड्याचं एक टोक गिअरबॉक्सच्या घरात ठोकलेल्या छोट्या बुशमध्ये (धातूच्या नळीत) फिरतं. ती बुश झिजली की दांडा तिरका होतो, आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) आतल्या आत घासतं आणि स्टार्टर जड चालतो. नवा स्टार्टर आणून बसवला तरी जुनी बुश गिअरबॉक्समध्येच राहते, म्हणून पैसे घालूनही फरक पडत नाही. याला रिलेचा काही उपयोग नाही. स्टार्टर उतरवून बुश बदलावी लागते.

सामान

चार पायांचा १२ व्होल्टचा रिले, किमान ४० अँपिअरचा, नामांकित बनावटीचा. रिलेचे संपर्क चिकटले तर किल्ली सोडल्यावरही स्टार्टर फिरत राहतो, म्हणून इथे स्वस्ताच्या मागे लागू नका. पाच पायांचा रिले वापरायचाच असेल तर ८७-ए लिहिलेला पाय मोकळा ठेवून त्यावर स्लीव्ह चढवा, कारण रिले शांत असताना तोच पाय ३० शी जोडलेला असतो. १९६७पूर्वीच्या बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, त्यांना रिलेही ६ व्होल्टचाच लागतो.

६ चौरस मिलिमीटरची लवचिक, मोटारीची वायर मीटरभर. एक चौरस मिलिमीटरची बारीक वायर मीटरभर. ४० अँपिअरचा मोठ्या आकाराचा फ्यूज आणि त्याचा झाकणाचा होल्डर. ३० नंबरच्या स्टडसाठी ८ मिलिमीटर भोकाचं थिंबल (वायरच्या टोकाला चेपायची गोल कडी), अर्थसाठी ६ मिलिमीटरचं, ६.३ मिलिमीटरची चपटी मादी टर्मिनलं, एक नर टर्मिनल, हीट श्रिंक स्लीव्ह, वायरवर चढवायची नालीदार नळी आणि केबल टाय. हत्यारांत १३चा पान्हा, पॉलिश पेपर आणि क्रिम्पिंगची चांगली पक्कड. साध्या पकडीने चेपलेली टर्मिनलं वर्षभरात सैल होतात. आपण सांध्यांतली गळती थांबवायला निघालोय आणि नवाच कच्चा सांधा तयार करायचा, असं होऊ नये.

जागा निवडणं

रिले स्टार्टरच्या जितका जवळ तितका चांगला, पण एक्झॉस्टच्या झळेपासून आणि चाकाच्या चिखलापासून दूर. मी तो इंजिनाच्या खणात उजव्या भिंतीवर, बॅटरीपासून थोडा बाजूला लावला आणि जाड केबल ज्या वाटेने खाली उतरते त्याच वाटेने वायर नेल्या. बॅटरीच्या थेट वर लावू नका, आम्लाच्या वाफेने टर्मिनलं हिरवी पडतात. रिलेचे पाय खालच्या दिशेला ठेवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. पत्र्याला नवं भोक पाडण्याआधी जवळ आधीचा एखादा बोल्ट मिळतो का बघा, मला मिळाला. भोक पाडावंच लागलं तर उघड्या पत्र्याला लगेच प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

जोडणी

बॅटरीची ऋण केबल सर्वात आधी काढा आणि बाजूला बांधून ठेवा. स्टार्टरच्या ३० नंबरच्या स्टडवर फ्यूजशिवाय थेट बॅटरी असते. पान्हा तिथे आणि बॉडीला एकाच वेळी लागला तर ठिणगीवर भागत नाही, पान्हा लालबुंद होतो.

ही गाडी एवढी उंच आहे की बहुतेकांना जॅक न लावता उजव्या मागच्या चाकाच्या पुढून आडवं होऊन स्टार्टरपर्यंत हात पोचवता येतो. जॅक लावलाच तर गाडी घोडीवर बसवल्याशिवाय खाली जाऊ नका.

सॉलेनॉइडवर दोन जाड स्टड दिसतील. ज्यावर बॅटरीची केबल येते तो ३०. दुसऱ्यावरून एक आखूड पट्टी किंवा वायर मोटरच्या आत जाते, त्याला हात लावायचा नाही. शेजारी चपटं टर्मिनल आहे, ते ५०. काही स्टार्टरवर आणखी एक छोटं टर्मिनल असतं, म्हणून कोरलेला आकडा वाचूनच पुढे जा. ५० वरची मूळ वायर बहुतेक वेळा लाल-काळी असते, पण पन्नास वर्षांत किती हातांनी वायरिंग केलं असेल सांगता येत नाही. रंगावर विश्वास न ठेवता मीटरने खात्री करा.

ती वायर ५० वरून ओढून काढा. कापू नका. जर्मनीत ३० वर्षांवरच्या, मूळ स्वरूप जपलेल्या गाडीला एच-नंबरप्लेट मिळते, आणि मूळ वायरिंग शाबूत असणं मला तेवढ्यासाठीही हवं होतं. पण खरं कारण व्यवहाराचं आहे, ते शेवटी येईलच.

आता रिलेचे चार पाय. त्यांचे आकडे जर्मन प्रमाणाचे असल्याने बहुतेक सगळ्या रिलेंवर तेच असतात. ८६ला किल्लीकडून आलेली मूळ वायर. ती पोचत नसेल तर बारीक वायरच्या एका टोकाला नर टर्मिनल लावून मूळ वायरच्या मादीत बसवा आणि सांध्यावर स्लीव्ह चढवा. ८५ला बारीक वायरने अर्थ. थिंबलखालचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट आवळा आणि वरून ग्रीसचं बोट फिरवा. ३०ला स्टार्टरच्या ३० नंबरच्या स्टडपासून ६ चौरस मिलिमीटरची वायर, आणि तिच्यात फ्यूज होल्डर स्टडच्या शक्य तितका जवळ. स्टड ते फ्यूज एवढा तुकडा संरक्षणाविना असतो, तो आखूडच हवा. ८७पासून तशीच जाड वायर स्टार्टरच्या ५० नंबरपर्यंत न्या, पण चाचणी होईपर्यंत तिचं टोक मोकळंच ठेवा.

३० नंबरचा नट आवळताना बेताने. स्टड सॉलेनॉइडच्या ठिसूळ टोपणात बसलेला असतो. जोर जास्त झाला तर तो आतल्या आत फिरतो आणि मग नवा सॉलेनॉइडच आणावा लागतो. आधी मूळ जाड केबल, तिच्यावर आपलं थिंबल, मग वॉशर आणि नट.

मूळ ५० नंबरवर एकाहून जास्त वायर असतील तर जरा थांबा. अमेरिकेसाठी १९७५पासून आलेल्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांत थंड सुरुवातीच्या जादा पेट्रोलच्या झडपेला सेल्फ मारतानाच वीज मिळते, आणि ती इथूनच जाते. किल्लीकडून येणारी वायर तेवढी ८६ला न्या, बाकीच्या ५० वरच राहू द्या. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच किल्लीच्या वायरवरच असतो, त्यामुळे त्याचं काम पूर्वीसारखंच चालू राहतं.

सगळ्या नव्या वायर नालीदार नळीत घाला आणि एक्झॉस्ट, ड्राइव्हशाफ्ट व हलणाऱ्या गिअरच्या दांड्यापासून लांब बांधा. पत्र्यातून जाणारी प्रत्येक वायर रबरी ग्रोमेटमधूनच जाऊ द्या. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर हलतात, म्हणून बॉडीवरून स्टार्टरकडे जाणाऱ्या तुकड्याला थोडा ढील ठेवा.

चाचणी

८७ची वायर स्टार्टरच्या ५० वरून अजून काढलेलीच ठेवा आणि तिच्या टोकाला मीटर लावा. ऋण केबल जोडा. किल्ली बंद असताना शून्य व्होल्ट दिसायला हवेत. इथे बारा दिसले तर ३० आणि ८७ कुठेतरी थेट जोडले गेलेत किंवा पाच पायांच्या रिलेचा चुकीचा पाय वापरलाय, लगेच ऋण केबल काढा. किल्ली फिरवल्यावर रिलेचा बारीक ‘टिक्’ आणि मीटरवर बॅटरीएवढाच आकडा. किल्ली सोडल्यावर पुन्हा शून्य. हे पाच-सहा वेळा करा. मग ऋण केबल परत काढून ८७ची वायर ५० वर चढवा, केबल जोडा, गाडी न्यूट्रलला आहे हे स्वतः पाहा आणि सेल्फ मारा.

फरक कानाला कळतो. पूर्वीचा कचरत येणारा ‘ट…क्’ जाऊन एकच ठाम ठोका येतो. कॉइलच्या १५ नंबरच्या वायर लावून गाडी तासभर चांगली पळवा, दहा मिनिटं बंद ठेवा आणि धन खांब ते ५० नंबर हे माप पुन्हा घ्या. सेल्फ आता पहिल्या झटक्यात घेत असल्याने या आकड्याची आधीच्या पावणेतीनशी थेट तुलना करायची नाही. तरी जादा उरलेली घट लक्षात यावी म्हणून तो लिहून ठेवा. माझा ०.२ आला.

किल्ली सोडल्यावरही स्टार्टर फिरत राहिला, असा प्रसंग कधी आलाच, तर किल्लीशी झटापट करण्यात वेळ घालवू नका. इंजिन बंद करा आणि बॅटरी तोडा. यासाठी ऋण खांबावर हाताने फिरवायचा बॅटरी-स्विच लावून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. कॅम्पर महिनोन्‌महिने उभी राहते, तेव्हाही तो उपयोगी पडतो.

गाडीत एक जादा रिले आणि दोन जादा फ्यूज ठेवा. ते संपले आणि वाटेत रिले गेलाच, तर इंजिन निवू द्या, बॅटरी तोडा, ८७कडून आलेली नवी वायर ५० वरून काढून तिच्या तोंडाला टेप लावा, आणि न कापलेली ती जुनी वायर पुन्हा ५० वर चढवा. बॅटरी जोडली की गाडी १९७३ साली कारखान्यातून निघाली तशी सुरू होईल आणि घरापर्यंत नेईल.